फळीखालचे काम

जे काम पुढे झाकलेच जाणार आहे, जे कोणाच्या नजरेस पडणार नाही, ते नीट करावे का? असे कोणी विचारले तर आपण सगळेच "करावे" म्हणू. पण "का करावे?" असा दुसरा प्रश्न आला की उत्तर अडखळते. घराचा पाया जमिनीत जातो, तो कच्चा राहिला तर घर खचते. तेव्हा तो नीट करावा हे सहज पटते. विहिरीचे आतले बांधकाम, धरणाचा गाभा, शिवणीची आतली टीप, यांचेही तसेच. पण झाकलेल्या कामावर जिथे कसलाच भार नाही, तिथे काय? तिथे ते नीट का करावे, आणि केले तर कोणासाठी?

हा प्रश्न परमार्थाच्या अगदी जवळचा आहे. साधकाचे बरेचसे काम फळीखालचेच असते. गळ्यातली माळ, कपाळावरचा गंध, खांद्यावरची पताका लोकांना दिसते. आत काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून आज या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एका दूरच्या कलेचा आधार घेऊ. ती कला आपल्या वाटेवरची नाही, पण तिच्यात हा प्रश्न जितका उघडा होऊन समोर येतो तितका क्वचितच कुठे येतो. ही कला म्हणजे जुन्या लाकडी शिडाच्या जहाजांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती बांधण्याची.

ही कला खेळण्यातले जहाज करण्याइतकी सोपी नव्हे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून या कामाचे एक प्रमाण रूढ झाले. खऱ्या जहाजाचा एक फूट तो प्रतिकृतीचा पाव इंच, म्हणजे सगळे काही अठ्ठेचाळीस पट लहान. साडेपाच फूट उंचीचा खलाशी या मापाने दीड इंचाहूनही थोडा कमी भरतो. याच मापाने तळाचा कणा घडवायचा, त्यावर दोन्ही अंगांनी एकेक फासळी उभी करायची, फासळ्यांवर आडव्या तुळया टाकायच्या, तुळयांना कोपऱ्यात आधाराचे गुडघे द्यायचे. फळी वाकवायची तर ती भिजवून किंवा ऊन देऊन हळूहळू वळवायची. खिळेसुद्धा लाकडाचे, काडी पोलादी पट्टीच्या बारीक होत गेलेल्या भोकांतून ओढून ओढून सुईएवढी करायची आणि फळीत ठोकायची. डोलकाठीवर चढण्यासाठी दोरांच्या शिड्या असतात. मोठ्या जहाजाच्या अशा शिड्यांना हजारो गाठी पडतात, आणि प्रत्येक गाठ चिमट्याने, श्वास रोखून मारावी लागते. एका जहाजाला चार-पाच वर्षे लागणे यात नवल नाही.

यात एक गंमत आहे. खरे जहाज ओकचे असले तरी प्रतिकृती करणारे जाणकार ओक टाळतात आणि नासपतीसारखे बारीक रेषेचे लाकूड घेतात. कारण जहाज अठ्ठेचाळीस पट लहान झाले तरी लाकडाची रेषा लहान होत नाही. खरेच ओक वापरले तर त्या छोट्या फळीवर मोठाली रेषा दिसते आणि सगळे खोटे वाटू लागते. खऱ्याचे रूप दाखवायला कधी कधी खऱ्याहून निराळे द्रव्य लागते. विटेवरच्या काळ्या पाषाणात ज्यांनी चैतन्य पाहिले, त्या संतांच्या लेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डेकखालच्या तुळया झाल्या, त्यांच्यामधल्या बारीक आडकाठ्या झाल्या, खालच्या मजल्यावरच्या खोल्या झाल्या, खोल्यांना दारे झाली. मग या सगळ्यावर डेकच्या फळ्या बसतात, आणि महिनोन् महिन्यांचे काम कायमचे अंधारात जाते. जुन्या इंग्रज नौदलाच्या कारागिरांनी यावर एक तोड काढली होती. ते पाण्याखालच्या अंगाच्या फळ्या लावतच नसत, त्यामुळे फासळ्या उघड्या राहत आणि पाहणाऱ्याला बांधणी दिसे. आजही काही जण एक बाजू उघडी ठेवतात. पण पुष्कळ जण सगळे पूर्ण करतात आणि सगळे झाकतात. आत दार आहे, दाराला बिजागरी आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. ते दार त्याने का केले असेल?

पहिले उत्तर उपयोगाचे. न दिसणारे अंगच दिसणाऱ्याला तारते, म्हणून ते नीट करावे. याला स्वीडनच्या वासा जहाजासारखा दुसरा दाखला नाही. राजाने हौसेने बांधवलेले ते जहाज शेकडो कोरीव मूर्तींनी सजले होते. सिंह, योद्धे, देवदूत, राजाचे पूर्वज, सगळे रंगवलेले आणि सोन्याने मढवलेले. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघाले आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन, किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कलले, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले. पाण्याखालच्या अंगाच्या मानाने वरचे अंग फार जड झाले होते. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून पाहिले होते. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डोलू लागले की ती परीक्षाच थांबवली, जहाज मात्र थांबवले नाही. १९६१ साली ते समुद्रतळातून वर काढले. आज संग्रहालयात खऱ्या जहाजाशेजारी दहापट लहान प्रतिकृती उभी आहे, तिच्यावर ते सगळे रंग पुन्हा चढवले आहेत. शेजारच्या काळ्या पडलेल्या लाकडाकडे पाहिले की त्या रंगांनी काय साधले, हे कोणालाही कळते.

वरचे वजन आणि खालचे वजन यांचा हा हिशेब साधकाने रोज मांडावा असा आहे. पण आपल्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही. वासा खरे जहाज होते, ते पाण्यावर जायचे होते. प्रतिकृती काचेच्या पेटीत बसते. तिच्या आतल्या तुळईवर भार नाही, तिच्या दारातून कोणी जाणार नाही. आत पोकळ ठोकळा ठेवला असता तरी बाहेरून काही फरक पडला नसता. म्हणूनच तर हा दाखला मोलाचा. इथे उपयोग हे कारण गळून पडते आणि करणाऱ्याचा हेतू उघडा पडतो.

दुसरे उत्तर असे: आज नाही तरी कधीतरी कोणी पाहील. यालाही दाखला आहे. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात मातारो नावाचे गाव आहे. तिथल्या संत सिमोनच्या छोट्या देवळात पंधराव्या शतकातली एक लाकडी नौका नवसाची म्हणून वाहिलेली होती. करणारा कोण होता ते कोणाला माहीत नाही. पण त्याने ती खऱ्या जहाजाच्या पद्धतीने आत फासळ्या घालून बांधली. आज ती हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे, आणि त्या काळची जहाजे कशी बांधत याचा शोध घेणारे अभ्यासक तिच्यापाशी जातात. त्या काळची खरी जहाजे बहुतेक कुजून गेली. देवाला वाहिलेली लहानशी नौका साक्षीला उरली.

हे ऐकून मन सुखावते. पण नीट पाहिले तर यातही एक फट आहे. "कधीतरी कोणी पाहील" म्हणून केलेले काम हे फळाच्या आशेनेच केलेले काम. फक्त फळाची मुदत लांबवली आहे. आज टाळी मिळाली नाही तर पाचशे वर्षांनी मिळेल, एवढाच फरक. शिवाय ज्यांची नौका मातारोच्या नौकेसारखी टिकली नाही, जळाली, किडीने खाल्ली, त्यांचे काम मग वाया गेले म्हणायचे का? मातारोच्या कारागिराला अभ्यासक येणार हे स्वप्नातही ठाऊक नव्हते. त्याचे काम पुढे उपयोगी पडले हे खरे, पण त्याने ते त्यासाठी केले नव्हते. मागून मिळालेले फळ हे आधीचे कारण होऊ शकत नाही.

तिसरे उत्तर: देव पाहतो. हे उत्तर आपल्याला सगळ्यात जवळचे, म्हणून ते जास्त काळजीने तपासले पाहिजे.

डेन्मार्कमध्ये शेकडो चर्चमध्ये अशा जहाजांच्या प्रतिकृती छताला टांगलेल्या आहेत. कुठे वादळातून वाचल्याबद्दल वाहिलेल्या, कुठे बुडालेल्यांच्या आठवणीत. करणारे पुष्कळदा खलाशी किंवा जहाजावरचे सुतारच. बहुधा जहाजाचे तोंड वेदीकडे असते, जणू ते त्या दिशेने निघाले आहे. आपल्याकडे मूल व्हावे म्हणून देवीला लाकडी पाळणा वाहतात, त्यातलाच हा भाव. जी गोष्ट जीवावरची, तिचे लहान रूप देवाच्या दारी ठेवायचे. आता विचार करा, इतक्या उंच टांगलेल्या जहाजाचा खालून तळ दिसतो. डेकवर काय केले आहे ते बाकावर बसलेल्या माणसाला दिसत नाही. मग वरची दोरखंडे, कप्प्या, नांगराचे चाक यांची निगा कोणासाठी राखायची? करणारा म्हणाला असेल, देवासाठी.

पण "देव पाहतो" या दोन शब्दांत दोन फार वेगळे अर्थ दडलेले आहेत. एक देव तपासनिसासारखा पाहतो. त्याच्या भीतीने काम नीट करायचे, कारण त्याच्यापासून काही लपत नाही. असे काम कच्च्या कामापेक्षा बरे, यात शंका नाही; पण ते मुकादमासमोरचे काम झाले. मुकादम बदलला, इतकेच. असा माणूस मनात हिशेबही ठेवतो: मी एवढे केले, तू पाहिलेस ना?

दुसरा पाहणारा जनाबाईंना भेटला. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. पहाटे उठून जाते ओढायचे, शेणी वेचायच्या, पाणी भरायचे, हे तिचे काम. यातले काय कोणी पाहिले असेल? परंपरा सांगते की विठोबा येऊन तिच्याबरोबर जात्याला बसला. दळण बारीक आले की जाडे, हे पाहायला तो आला नाही. त्याने खुंट्याला हात लावला. तो पाहणारा राहिला नाही, सोबती झाला. ज्याच्यासोबत आपण काम करतो त्याला दाखवायचे काही उरत नाही. दाखवायला अंतर लागते, आणि ते अंतरच तिथे नाही.

इथे आपल्या प्रश्नाचे उत्तर हाताला लागू लागते. झाकलेले काम कोणासाठी नीट करायचे, या प्रश्नात आपण गृहीत धरतो की कोणीतरी पाहणारा हवाच. लोक नाही तर पुढची पिढी, पुढची पिढी नाही तर देव. पण करणाऱ्याकडे पाहा. फळीच्या वर काम करणारा आणि फळीच्या खाली काम करणारा माणूस एकच आहे. वर तो जपून काम करू लागला आणि खाली कसेही उरकू लागला, तर जहाजाचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते त्या माणसाचे. तो दोन होईल. एक लोकांसमोरचा, एक अंधारातला. आणि एकदा माणूस दोन झाला की तो दोन्हीकडे खोटा होतो, कारण वरचे चांगले कामही मग केवळ दाखवण्याचे उरते. संतांनी ज्या दोषावर सगळ्यात कठोर प्रहार केले तो हाच दंभ. माऊलींनी तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अदंभित्वाचा केवढा विस्तार केला आहे, ते वाचकांना ठाऊक आहे. दंभ जायला प्रवचन ऐकून भागत नाही. त्याला सराव लागतो. कोणी पाहत नाही अशा जागी, कोणी पाहत असल्यासारखे नव्हे, तर पाहण्या-न-पाहण्याचा विचारच न करता नीट वागण्याचा सराव. डेकखालचे ते छोटे दार हा असा सराव आहे. ते दार कोणासाठीच नाही. करणारा एकसंध राहावा, एवढेच त्याचे काम.

इथे लेख संपवता आला असता. पण एक शंका उरते, आणि ती दडवून ठेवली तर आपणही फळीखाली कच्चे काम ठेवल्यासारखे होईल.

शंका अशी की, हे सगळे मोहाचेच सुंदर नाव नाही ना? एक माणूस पाच वर्षे मेजावर वाकून दोऱ्याच्या गाठी मारतो. शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे, अंगणात मूल वाट पाहते आहे. तो मग्न आहे. मग्नता म्हणजे भक्ती का? आपण भजनात, पारायणात, वारीच्या तयारीत मग्न असतो, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो.

गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेरचे गोरोबाकाका नामात रंगून चिखल तुडवत होते. बायको पाण्याला गेली होती. मूल रांगत आले आणि पायांखाली गेले. कीर्तनात ही कथा ऐकताना आपले लक्ष नामाच्या रंगाकडे जाते, आणि पुढे पांडुरंगाच्या कृपेने मूल परत मिळाले याकडे जाते. पण मध्ये त्या आईचा हंबरडा आहे. परंपरेने तो गाळला नाही. चारच शब्दांत उरकता आला असता, तरी पिढ्यान् पिढ्या कीर्तनकार तो आळवून सांगत आले, आणि मंडपातल्या बायका डोळे पुसत आल्या. मला वाटते, कथेचा तो भागही उपदेशच आहे. गोरोबाकाकांच्या अधिकाराचे संत असले तरी त्या चिखलाची किंमत मोजावी लागली, आणि ती भरून काढायला प्रत्यक्ष देवाला यावे लागले. आपण तो अधिकार नसताना केवळ मग्नता उचलली, तर हंबरडा तेवढा आपल्या घरी येईल.

मग खरी मग्नता आणि मोह ओळखायचे कसे? यालाही आपल्याच परंपरेत माप आहे, आणि ते पंढरपुरात विटेवर उभे आहे. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. दारी देव आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही; वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. त्याने थांबवले देवाला, माणसांना नाही. हे माप कुठल्याही कामाला लावून पाहावे. हाक आली तेव्हा मी कामाला थांबवतो की माणसाला? गाठ अर्धी ठेवून उठता आले, तर ते काम साधना आहे. उठता आले नाही, तर गाठ दोऱ्याला नाही, आपल्याला बसली आहे. ज्याच्यासाठी देवसुद्धा कमरेवर हात ठेवून उभा राहायला तयार आहे, त्याच्यासाठी लाकडाचे जहाज थांबायला काय हरकत आहे?

दुसरी शंका याहून खोल आहे. जहाजाचे रूप डोळ्यांत भरते. पण त्या जहाजांनी काय वाहिले? आफ्रिकेतून माणसे धरून, साखळ्या घालून अमेरिकेकडच्या बेटांवर विकायला नेणारी जहाजेही याच लाकडाची, याच शिडांची होती. लिव्हरपूलचे ब्रूक्स हे त्यातले एक. १७८८ साली इंग्लंडमध्ये कायद्याने अशा जहाजांवर किती माणसे भरावीत याची मर्यादा घातली. ब्रूक्सच्या वाट्याला ४५४ आली. त्याआधी याच जहाजाने सहाशेहून जास्त माणसे नेली होती. गुलामीच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या मंडळींनी या जहाजाचा मोजमापाचा आराखडा छापला. एका पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद एवढी जागा धरली आणि त्या हिशेबाने एकेक माणूस फळीवर काढला. ४८२ माणसे काढली तेव्हा कागदावर रिकामी जागा उरली नाही. कायद्याने मान्य केलेली माणसे अंथरली तर ती कशी दिसतील, हे त्या कागदाने दाखवले. पाहणाऱ्यांना दुसरे काही सांगावे लागले नाही.

मग त्याची लाकडी प्रतिकृतीही झाली. या चळवळीचे थॉमस क्लार्कसन १७८९ साली पॅरिसला गेले होते. तिथले पुढारी मिराबो यांनी तो आराखडा पाहून कारागिरांकडून सुमारे वारभर लांबीचे जहाज करवून घेतले, आत ओळीने लाकडाची छोटी माणसे बसवली आणि ते आपल्या जेवणाच्या खोलीत ठेवले. इंग्लंडमध्ये विल्बरफोर्स यांनी पार्लमेंटच्या सभासदांना दाखवलेली अशीच एक प्रतिकृती आज हल गावच्या संग्रहालयात आहे. तो व्यापार बंद करणारा कायदा व्हायला १८०७ साल उजाडले. त्यामागे कारणे अनेक होती. पण डेकखाली काय आहे हे लोकांना दिसले, हे त्यातले एक मोठे कारण.

इथे आपला सगळा विचार एक वळण घेतो. बारीक मोजमाप व्यापाऱ्यानेही केले होते. किती इंचांत किती माणूस मावतो, याचा हिशेब त्याच्याइतका कोणी मांडला नसेल. तेच इंच क्लार्कसनच्या मंडळींनी घेतले. माप तेच, हात तितकेच काटेकोर. पण एकाचे माप माणूस कोंबायला होते आणि दुसऱ्याचे माणूस दाखवायला. म्हणजे काटेकोरपणात आपोआप पुण्य नाही, तो कोणाकडे तोंड करून आहे यावर सगळे ठरते. आणि "झाकलेले नीट करावे" या वाक्याला दुसरा अर्थ येतो. फळीखाली नुसते लाकूड नसते, कधी कधी माणसे असतात. डेक घासूनपुसून लखलखीत करणारा, शिडे बर्फासारखी पांढरी ठेवणारा, पण खालची माणसे विसरणारा, याच्याइतके कच्चे काम कोणाचे नाही.

दूर कशाला जा. एच.एम.एस. ट्रिंकोमाली नावाचे लढाऊ जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत सागवानाचे बांधले गेले. जमशेदजी बोमनजी वाडिया हे त्याचे कर्ते. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. दोनशेहून जास्त वर्षे झाली, इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ते आजही तरंगते आहे. त्याचा आराखडा इंग्लंडहून आला होता. पहिली प्रत घेऊन येणारे जहाज १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेले, म्हणून दुसरी पाठवावी लागली. वाडियांचे नाव राहिले आणि ते राहायलाच हवे. पण सागाचे ओंडके ज्यांनी वाहिले, करवत ज्यांनी ओढली, उन्हात ज्यांनी फळ्या वळवल्या, त्यांची नावे कोणाच्या ओठी आहेत? जहाज टिकले ते त्यांच्या हातांनी.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. त्या कामावर चोखोबा होते. भिंत कोसळली आणि खाली राबणारी माणसे गाडली गेली. परंपरेप्रमाणे हे साल १३३८. राबणारी माणसे गेली, त्यांची गणती कोण ठेवणार? पण नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातून निघालेली हाडे सारखीच दिसत होती. कथा सांगते की नामदेवरायांनी एकेक हाड कानाला लावले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती हाडे चोखोबांची म्हणून पंढरपुरात आणली, महाद्वारासमोर समाधी दिली.

जो देवळात जाऊ शकला नाही, ज्याच्यावर गावाने बांधलेले कोसळले, तो भिंतीखाली होता. गाव वरून भिंत पुन्हा उभी करून मोकळे झाले असते. नामदेवराय वाकले, आणि फळीखाली कोण आहे ते त्यांनी कान लावून ऐकले. आपल्या संप्रदायात झाकलेल्या कामाची याहून मोठी निगा कोणी राखली नाही. तरीही त्याच महाद्वारातून चोखोबांच्या जातभाईंना आत जायला १९४७ साल यावे लागले, साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. सहाशे वर्षे वरची फळी आपण घासत होतो.

म्हणून या सगळ्याचा अर्थ एवढाच घेऊ नये की गुपचूप चांगले काम करावे आणि समाधानी राहावे. आषाढीचा सोहळा पाहा. लाखो माणसे, टाळ-मृदंगाचा गजर, पताकांचे रान, रिंगणाचा घोडा. हा आपला डेक आहे आणि तो मनोहर आहे. त्याच्या खाली काय आहे? दिंडी पुढे गेल्यावर मागचे गाव झाडणारे आहेत. शौचालये साफ करणारे आहेत. मुक्कामाच्या आधी पहाटे पुढे जाऊन पाणी आणि चूल पाहणारे आहेत. एकादशीनंतर वाळवंट आवरणारे आहेत. घरी राहून जनावरांची आणि म्हाताऱ्यांची उठाठेव करणाऱ्या, म्हणून कधीच वारीला न आलेल्या बायका आहेत. आपल्या वारीचा भार त्यांच्यावर आहे. प्रतिकृतीतल्या दारातून कोणी ये-जा करत नाही, पण या दारांतून रोज माणसे जातात. त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का? त्यांच्या हातात हातमोजे आहेत का? पंगतीत त्यांचे पान कधी वाढले जाते?

आपले विहित कर्म हीच देवाची पूजा, असे माऊलींनी अठराव्या अध्यायात सांगितले. पूजेत आपण देवाच्या मूर्तीची पाठही धुतो. अंग पुसताना पाठीकडे वस्त्र फिरवले नाही तर दर्शनाला आलेल्या कोणाला कळणार आहे? तरी कोणी पुजारी पाठ कोरडी ठेवत नाही. देव पूर्ण आहे, तर पूजाही पूर्ण व्हावी. कर्माची पाठही अशीच धुवावी. हिशेबाच्या वहीतली कोणी न तपासणारी ओळ असो, म्हाताऱ्या वडिलांच्या अंथरुणाची खालची घडी असो, कोणाच्या पाठीमागे त्याच्याविषयी उच्चारलेला शब्द असो. इथे जो जसा, तसाच तो मंडपात उभा राहिला, तर त्याच्या हातातली वीणा खरी वाजते.

आणि पाठ धुताना एकदा वाकून कान लावावा. खाली नुसते लाकूड आहे की कोणी नाम घेते आहे, ते ऐकावे.

रामकृष्ण हरि.